शेऱ्याचा रकाना

“कुणाला दिसायचं नाही ना रे?” पिसेकाकूंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“काकू, सांगतोय ना मी. तुमच्याशिवाय कुणालाही नाही. अण्णांनाही नाही.”

“आणि तुला?”

“मला दिसेल, पण मी बघणार नाही.”

काकू हसल्या नाहीत. त्यांच्या मांडीवर लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही होती आणि तिच्यावर त्यांनी दोन्ही हात ठेवले होते. सांगलीतल्या आमच्या समाजाच्या वधूवर केंद्रात त्या एकोणीस वर्षं काम करत होत्या. फॉर्म भरून घ्यायचे, फोटो चिकटवायचे, कुणाला कुठलं स्थळ जमेल ते बघून दोन्हीकडं कळवायचं. उंची, शिक्षण, रास, मंगळ हे सगळं फॉर्मात असायचं. फॉर्मात न बसणारं या वहीत असायचं. फॉर्म भरून झाला की मुलीचे वडील चपला घालायला जिन्यात जात, आणि आई मागं रेंगाळून काकूंच्या कानाशी लागे. कुणाचं आधीचं लग्न आठ दिवसांत मोडलेलं, कुणाच्या भावाला वेड लागलेलं, कुणाला पाठीवर कोड. काकू ते लिहून ठेवत आणि मग त्याच अंदाजानं स्थळ सुचवत. समोरच्या घरात कुणाशी बोलायचं, किती बोलायचं, कधी बोलायचं, हे त्यांना बरोबर कळे. अशी कितीतरी अवघड लग्नं त्यांनी जमवली होती, आणि त्यातली एकही गोष्ट त्या खोलीबाहेर गेली नव्हती.

“आता डोळ्यांनी दिसत नाही रे बारीक,” त्या म्हणाल्या. “नऊ हजार फॉर्म झालेत. वहीतलं नाव सापडेस्तोवर माणसं उठून जातात.”

“म्हणून तर म्हणतोय. प्रत्येक फॉर्मापुढं एक शेऱ्याचा रकाना करतो. त्यात टाका. तुमच्या पासवर्डाशिवाय उघडणार नाही. माझी जबाबदारी.”

त्यांनी वही माझ्या हातात दिली. पुढचे दोन महिने त्या रोज दुपारी येऊन, एका बोटानं टाइप करत, एकोणीस वर्षांचे शेरे कॉम्प्युटरात भरत होत्या.

ही दोन हजार सहा सालातली गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो. एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो आणि समाजाचं काम फुकट करायचो. फुकट म्हणजे, लोकांनी मला हुशार म्हणावं एवढीच माझी अपेक्षा होती, पण ती मात्र रोखीची होती.

इतके फॉर्म एका जागी ठेवून त्यांतून हवा तो क्षणात काढायचा, तर डेटाबेस लागतो. काही डेटाबेस कंपन्या विकतात, त्यांचं लायसन घ्यावं लागतं. काही जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेले असतात आणि कुणालाही मोफत वापरता येतात. मी मोफतचा घेतला होता. आमच्या वधूवर समितीला दोघांचीही नावं कधी पाठ झाली नाहीत. समितीच्या तोंडी एक ‘फुकटचा’ होता आणि दुसरा ‘लायसनचा’.

लायसनचा घेऊन पुण्याहून सरनाईक नावाचा एक विक्रेता आला होता. बोलायला गोड, टाय लावलेला, आणि समितीतल्या कुणाच्या तरी साडूचा मुलगा. त्याला मी पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत होतो.

“हुंडा नको म्हणणारं स्थळ आलं की आपण पहिल्यांदा काय विचारतो?” समितीच्या बैठकीत अध्यक्ष माळवदे अण्णा म्हणाले. “खोट काय हाय, म्हणून विचारतो. तसंच हे. फुकट का द्यायलेत ती लोकं?”

सगळे हसले. मी तावातावानं मोफतच्या बाजूनं बोलायला लागलो. कुणाची मालकी नाही, आत काय आहे ते कुणीही उघडून बघू शकतं, दरवर्षी पैसे भरायचे नाहीत, वगैरे. सरनाईकनं सगळं ऐकून घेतलं.

“गिरीश सरांचं चुकीचं काहीच नाही,” तो म्हणाला. “प्रश्न एवढाच आहे अण्णा, उद्या काही झालं तर धरणार कुणाला? आमच्याकडं फोन उचलणारा माणूस आहे.”

“मला धरा,” मी म्हणालो. “गावभागात राहतो मी. फोन कशाला, हाक मारली तरी येईन.”

अण्णांना हे आवडलं. पण निकाल त्यांनी दिला नाही. “दोन्ही स्थळं बघू,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी मेळावा हाय. अख्ख्या समाजापुढं दोघंबी करून दाखवा. कोण चपळ, कोण मंद, लोकच बघतील.”

सरनाईकला चाचणीसाठी आमच्या फॉर्मांची प्रत हवी होती. ती मीच काढून दिली. देताना शेऱ्याचा रकाना आठवणीनं वगळला. परक्या माणसाच्या हातात काकूंचं ते सगळं कसं द्यायचं? तेव्हा मला एवढं कळत होतं, हे मुद्दाम सांगतो.

शनिवारी दुपारी केंद्राच्या खोलीत मी घड्याळ लावून बसलो. सरनाईकचा आकडा मला माहीत होता, कारण त्यानं माझ्यासमोरच करून दाखवलं होतं. दोन सेकंद. माझ्या मशीनवर तोच शोध सहा सेकंद घेत होता. त्याचा लॅपटॉप कोरा होता आणि माझं मशीन जुने भाग जोडून केलेलं होतं, हे सभेत सांगता आलं असतं. पण हरणाऱ्यानं मैदान वाकडं म्हटल्यासारखं वाटलं असतं ते.

वेळ कुठं जातो ते मला ठाऊक होतं. शेरे लपवण्यासाठी मी मध्ये एक पहारा बसवला होता. प्रत्येक फॉर्म बाहेर काढताना, विचारणारा कोण आहे, हे तो तपासायचा. नऊ हजार फॉर्म, नऊ हजार वेळा चौकशी. ती चौकशी सुरुवातीला एकदाच करूनही भागलं असतं. दहा मिनिटांचं काम होतं. पण ते मला पुढं दोन वर्षांनी कळलं. त्या दुपारी मला एवढंच कळत होतं, की पहारा काढला तर एक सेकंद लागतो.

मी पहारा काढला.

शेऱ्याचा रकाना सगळ्यात शेवटी होता. खोलीतल्या त्या लहान मॉनिटरवर तो उजव्या कडेबाहेर जायचा आणि कुणी मुद्दाम सरकवल्याशिवाय दिसायचा नाही. दहा मिनिटांचा तर कार्यक्रम. सोमवारी परत बसवू पहारा. मी पुन्हा शोध लावला. एक सेकंद. आनंदानं मी टेबलावर हात आपटला, तेव्हा पलीकडं फोटोंना डिंक लावत बसलेल्या काकू दचकल्या.

“काय झालं रे?”

“जिंकलो, काकू!”

“बरं झालं बाबा,” त्या म्हणाल्या.

रविवारी मंगल कार्यालयात चारशे तरी माणसं होती. पुढं बायका, मागं पुरुष, आणि भिंतीकडेला नटूनथटून आलेली, नजर चुकवणारी लग्नाची मुलं-मुली. सरनाईकचा खेळ आधी झाला. लोकांनी सांगितलेलं स्थळ त्यानं दोन सेकंदांत भिंतीवर आणलं. टाळ्या पडल्या.

मग मी. माझ्या मशीनची वायर प्रोजेक्टरवाल्यानं जोडली आणि मागच्यांनाही सगळं दिसावं म्हणून स्वतःच काहीतरी खटपट करून चित्र कडेपासून कडेपर्यंत पुरतं बसवलं. मी त्याच्याकडं पाहिलंही नाही. मी लोकांकडं पाहत होतो.

“सांगा कुणीतरी, कसं स्थळ पाहिजे?”

दुसऱ्या रांगेतल्या एक बाई उठल्या. कराडच्या खटावकरांच्या आत्या. “बी.एड. झालेली मुलगी. पाच फूट दोनच्या वर. मंगळ नको.” त्यांच्या भाच्याचं अशाच एका मुलीशी नुकतं ठरलं होतं आणि ती यात येते का, हे त्यांना गमतीनं बघायचं होतं. शेजारी बसलेल्या बायका हसल्या.

मी बटण दाबलं. एक सेकंदसुद्धा लागला नाही. अण्णांनी पहिली टाळी वाजवली आणि सगळं कार्यालय टाळ्या वाजवायला लागलं. भिंतीकडं पाठ करून मी चक्क हात जोडून उभा होतो. सरनाईकही टाळ्या वाजवत होता.

टाळ्या पुढून थांबत गेल्या. आधी पहिली रांग, मग दुसरी. कुणीतरी बाई पुटपुटत वाचत होती, शांततेत ते मागपर्यंत ऐकू गेलं. “मेघना उरुणकर, इस्लामपूर... आकडी येते, गोळ्या चालू... आईनं विश्वासानं सांगितलंय... मुलाकडच्यांशी आधी मी बोलणार...”

मी वळलो. पाच मुलींची नावं होती आणि पाचांपुढं शेरे होते. शेवटचा रकाना भिंतीवर सगळ्यांत स्पष्ट दिसत होता.

मला हलताच येईना. काकू हलल्या. साठीच्या जवळ आलेल्या, गुडघे दुखणाऱ्या काकू खुर्च्यांमधून वाट काढत आल्या आणि प्रोजेक्टरच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. दोन्ही हातांनी त्यांनी पदर पसरून धरला. अक्षरं त्यांच्या अंगावर पडली. भिंतीवर नुसती त्यांची सावली उरली. तेव्हा कुठं मी जाऊन वायर उपटली.

तिसऱ्या रांगेतून मेघनाची आई उठून बाहेर गेली. तिच्या मागोमाग मेघना गेली. खटावकरांच्या आत्या मात्र जागेवरच बसून होत्या, अगदी ताठ.

पंगती ठरल्या वेळी बसल्या. मसालेभाताचा वास येत होता. मागच्या खोलीत अण्णांनी मला बोलावलं. सरनाईक तिथंच होता. काकू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या, पदर अजून हातात धरलेला.

“गिरीश, हे झालं कसं?” अण्णांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मी सांगणार होतो. शपथेवर सांगतो, वाक्य तयार होतं तोंडात. एक सेकंद वाचवायला मी पहारा काढला, अण्णा. पण वाक्य बाहेर यायच्या आत सरनाईक मध्ये पडला. त्याला माझी दया आली असावी. माणूस वाईट नव्हता तो.

“त्यांना बोलू नका अण्णा. मोफतच्या प्रणालीत असं होऊ शकतं. कुणाचीच जबाबदारी नसते ना. सर तरी काय करणार?”

सगळे माझ्याकडं बघत होते.

“हो अण्णा,” मी म्हणालो. “त्यात ती सोय जरा कच्चीच आहे.”

अण्णांनी श्वास सोडला. “म्हटलं नव्हतं मी? खोट असतीच.”

“पोराला कशाला बोल लावायचा,” काकू कोपऱ्यातून म्हणाल्या. “लिहिलं मी. विश्वासानं सांगितलेलं वहीतनं बाहेर काढायलाच नको होतं. चूक माझी हाय.”

चूक त्यांची नाही, असं मी म्हटलं नाही.

बुधवारी काकू मला घेऊन एस.टी.नं इस्लामपूरला गेल्या. माफी मागायला. मी कशाला, असं म्हणायची सोय नव्हती. बसमध्ये त्यांनी मलाच धीर दिला. “मनाला लावून घेऊ नको. मशीन ते. माणसाच्या हातात काय असतंय?”

मेघना दारातच भेटली. शाळेत शिकवायची, माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी लहान. तिनं पाणी आणलं. आई आतल्या खोलीतून बाहेर आलीच नाही. काकू आत गेल्या, आणि आतून दोघींचं रडणं ऐकू यायला लागलं. बाहेर आम्ही दोघंच.

“मोडलं,” मेघना म्हणाली. “काल फोन आला.”

“मला फार वाईट...”

“शेखरला माहीत होतं. पिसेकाकूंनी आधीच भेट घडवून दिली होती आमची, मीच सांगितलं त्याला. तो हो म्हणाला होता. त्याच्या आईलाही त्यानं सांगितलं होतं. पण आता चारशे माणसांनी वाचलंय ना. त्याच्या आत्या म्हणतात, लोक आम्हाला काय म्हणतील?” ती माझ्याकडं सरळ बघत होती. “मी शाळेत कॉम्प्युटरही शिकवते. एक विचारू? शेरा लपवलेला होता ना? मग तो शोधात आला कसा? कुणीतरी सांगितल्याशिवाय तो येत नाही.”

एवढ्या सगळ्यात हा एकच माणूस होता ज्यानं बरोबर प्रश्न विचारला, आणि उत्तर मिळण्याचा हक्कही सगळ्यांत जास्त तिचाच होता.

“मोफतच्या प्रणालीत कधीकधी...” मी म्हणालो.

ती वाक्य संपायची वाट बघत थांबली. ते संपलं नाही.

“बरं,” ती म्हणाली, आणि माझ्या पुढ्यातला रिकामा पेला उचलून आत गेली.

त्या आठवड्यात समितीनं माझ्याकडून दोन्ही प्रणालींचा तुलनात्मक अहवाल मागवला. मी तो लिहिला. वेग, खर्च, देखभाल, सगळं दोन उभ्या रकान्यांत मांडलं. गोपनीयतेच्या ओळीत लिहिलं, ‘चाचणीत खासगी शेरे उघड झाले का? मोफत : होय. लायसन : नाही.’ यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. लायसनच्यात शेरे नव्हतेच, मी दिलेच नव्हते, हे लिहायला अहवालात जागा नव्हती इतकंच. आणि मोफतच्या बिचाऱ्यानं काय केलं होतं? मी सांगितलं ते दाखवलं होतं. आयुष्यात पुढं अशा तुलना करण्यावरच माझं पोट चाललं. कुठल्या कंपनीनं काय घ्यावं, ते मी सांगतो, आणि माझ्या निःपक्षपातीपणाचं कौतुक होतं. पण तो पहिला अहवाल मला अजून तोंडपाठ आहे.

समितीनं लायसनचा घेतला. तो मीच बसवून दिला. चांगला होता, तक्रारीला जागा नव्हती. “शेऱ्याचा रकाना ठेवायचा का, काकू?” मी विचारलं तर त्या नको म्हणाल्या. ती वही त्यांनी घरी नेऊन बंबात घातल्याचं नंतर कुणीतरी सांगितलं. कुणी आई मागं रेंगाळली, तर त्या फॉर्मात असेल तेवढंच सांगा म्हणायच्या. अवघड लग्नं मग जमेनाशी झाली. मेघनाचं पुढं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. मला विचारता आलं असतं, रोज काकूंची भेट होत होती.

काकूंना खरं सांगायचं मी किती वेळा ठरवलं, त्याला गणती नाही. दर वेळी त्या चहा सांगायच्या, घरच्यांची चौकशी करायच्या आणि मी चहा पिऊन परत यायचो.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. केंद्रातूनच जमलं. मुलगी इचलकरंजीची, सुनेत्रा. लग्नानंतरच्या आठवड्यात आम्ही जोतिबाला गेलो होतो. डोंगर उतरून आल्यावर भर दुपारी एका रसवंतीत बसलो. नवी जोडपी बसतात तसं, समोरासमोर, थोडं अवघडून. रस पिता पिता तिला एकदम हसू आलं.

“तुम्हाला एक सांगू? आमचे बाबा आधी नाहीच म्हणत होते.”

“का?”

“उगीचच. परगावचं स्थळ, कुणाच्या ओळखीचं नाही. मग ते पिसेकाकूंकडं गेले. म्हणाले, फॉर्म राहू दे, मुलगा खरा कसा आहे ते सांगा. तर काकूंनी आधी काही बोलायलाच नकार दिला. आता मी फॉर्माबाहेरचं बोलत नाही म्हणाल्या. बाबा उठायला लागले, तर त्यांनीच हाक मारून थांबवलं.” तिनं काकूंची नक्कल केली, मान थोडी पुढं घेऊन. “म्हणाल्या, या एकाच पोराबद्दल बोलते. याच्यापाशी काहीबी सांगावं, बाहेर जायचं न्हाई. मी स्वतः अनुभव घेतलाय.”

रसवाल्याचा चरक फिरत होता. घुंगरांचा आवाज येत होता. मी पेला खाली ठेवला.

“बाबा घरी आले ते होकार घेऊनच,” ती म्हणाली. मग थोडा वेळ ती टेबलावरच्या ओल्या गोलावरून बोट फिरवत राहिली. तिचं हसू गेलं होतं. “म्हणून म्हटलं... माझंही एक आहे. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही. तुम्हाला सांगितलं तर चालेल ना?”

आधी माझं ऐक, असं म्हणायला तेव्हा तीन शब्द पुरले असते. तिनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत शंका म्हणून नव्हती.

“सांग की,” मी म्हणालो.